घड्याळ मागे पडतं, पण केव्हा?

कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय असं कोणालाही सांगा, उत्तर ठरलेलं असतं: "सेल गेला असेल, बदलून टाक." बरेचदा ते बरोबरही निघतं. निघत नाही तेव्हा मात्र माणूस दुसरा सेल आणतो, मग तिसरा, आणि शेवटी मदरबोर्डलाच दोष देऊन मोकळा होतो.

मीही त्यातलाच. एका जुन्या मशीनमध्ये मी पाठोपाठ दोन नवे सेल घातले होते. घड्याळ तरीही संध्याकाळपर्यंत चार-पाच मिनिटं मागे यायचं. गंमत म्हणजे, रात्रभर बंद ठेवून सकाळी मशीन सुरू केलं की वेळ पुन्हा बिनचूक! हे मला रोज दिसत होतं आणि तरी त्याचा अर्थ लागत नव्हता. अर्थ साधा होता. सेल फक्त रात्रपाळी करतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. रात्री वेळ टिकते आणि दिवसा बिघडते, तर रात्रपाळीच्या माणसाला कामावरून काढून काय उपयोग?

म्हणून घड्याळ किती मागे पडतं याच्याही आधी विचारायचं ते हे, की ते केव्हा मागे पडतं. मशीन बंद असताना, चालू असताना, झोपेतून उठल्यावर, की दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरून परत आल्यावर? या एका प्रश्नाने निम्म्याहून जास्त तपास संपतो. का संपतो ते कळायला आधी एक गोष्ट माहीत हवी. कॉम्प्युटरमध्ये एक नाही, दोन घड्याळं असतात.

बंद असतानाचं आणि चालू असतानाचं

१९८१ मध्ये आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीत बंद असताना चालणारं घड्याळ नव्हतंच. मशीन सुरू केलं की डॉस तारीख आणि वेळ विचारायचं. बहुतेकांना तेवढा धीर नसे. ते नुसतं एंटर दाबत, आणि मग प्रत्येक फाइलवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडे, कारण डॉसचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ही अडचण संपली. त्यात मोटोरोलाची एक छोटी चिप होती. तिच्यात घड्याळ होतं आणि जोडीला ६४ बाइटची इवलीशी मेमरी. त्यातले १४ बाइट घड्याळाच्या कामाचे, उरलेले ५० मशीनच्या सेटिंगसाठी मोकळे. ही चिप अत्यंत कमी वीज खाणाऱ्या सीमॉस पद्धतीने बनवलेली होती, त्यामुळे एका लहानशा बॅटरीवर ती वर्षानुवर्षं चालू शकत असे. मदरबोर्डवरच्या त्या सेलचं 'सीमॉस बॅटरी' हे नाव तिथून आलं. आज ती वेगळी चिप दिसत नाही, मदरबोर्डवरच्या चिपसेटच्या पोटात गेली आहे. नाव मात्र राहिलं. या घड्याळाला रिअल टाइम क्लॉक म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी बोर्डावरचं घड्याळ म्हणू.

दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचं. पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं ते हे. मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम बोर्डावरच्या घड्याळात डोकावून वेळ उचलते आणि तिथून पुढे स्वतःची स्वतः मोजत राहते. घरातून निघताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून घ्यावं आणि पुढे दिवसभर मनातल्या मनात आकडे मोजत फिरावं, तसा हा प्रकार. असं करण्याला कारण आहे. बोर्डावरचं घड्याळ पूर्ण सेकंदांतच वेळ सांगतं आणि त्याला विचारायला वेळही जास्त लागतो. कॉम्प्युटरला सेकंदाचे हजारो, लाखो तुकडे मोजायचे असतात.

म्हणजे माझ्या मशीनमध्ये बोर्डावरचं घड्याळ ठणठणीत होतं. दिवसभराच्या मोजणीत गफलत होत होती. दुसऱ्या दिवशी नव्याने भिंतीकडे पाहिलं की हिशेब पुन्हा जुळायचा.

एका रात्रीची परीक्षा

अंदाज बांधण्यापेक्षा एक रात्र आणि एक दिवस खर्च करा. आधी वेळ आपोआप जुळवण्याची सोय बंद करा, आणि नेटही तोडा. नाहीतर इंटरनेटवरून वेळ गुपचूप दुरुस्त होत राहील आणि तुम्ही रोगी तपासताय की औषध, तेच कळणार नाही. मग मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळवा, मशीन रीतसर बंद करा आणि भिंतीवरचं बटणही बंद करा.

सकाळी सुरू करताना थेट आत शिरू नका. आधी बायोसच्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर जा. त्यासाठी डिलीट, एफ२ किंवा मशीन जी सांगेल ती कळ दाबायची. तिथे दिसते ती वेळ बोर्डावरच्या घड्याळाची असते, ऑपरेटिंग सिस्टिमचा हात तिला अजून लागलेला नसतो. ती लिहून ठेवा. मग नेहमीसारखं मशीन सुरू करा, दिवसभर काम करा आणि संध्याकाळी पडद्यावरची वेळ पुन्हा मोबाइलशी ताडून पाहा.

बायोसमध्येच वेळ चुकलेली असेल तर दोष बोर्डावरच्या घड्याळाचा. तिथे ती बरोबर असून संध्याकाळी चुकली, तर दोष मोजणीचा. दोन्हीकडे बरोबर असेल आणि तरीही अधूनमधून काही तास इकडेतिकडे होत असतील, तर घड्याळात दोषच नाही. कोणीतरी त्याला चुकीचं सांगतंय.

सेल जेव्हा खरंच गेलेला असतो

सेलची लक्षणं बहुतेक वेळा ढळढळीत असतात. मशीन सुरू केल्यावर तारीख एकदम कित्येक वर्षं मागची दिसते, सुरुवातीलाच सेटिंग बिघडल्याचा संदेश येतो, आणि बायोसमध्ये केलेले बदल पुसले जातात. पण त्याआधीची एक पायरी असते आणि ती फसवी असते. सेल अशक्त झाला की मेमरी टिकून राहते, पण घड्याळाला ठोके देणारा स्फटिक रात्री मध्येच थांबतो किंवा अडखळतो. सकाळी तारीख बरोबर, सेटिंग बरोबर, फक्त घड्याळ तीन तास मागे. माणसाला वाटतं, सेल असता तर सगळंच गेलं असतं. तसं नसतं.

आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. "रोज ऑफिसात वापरतो तोवर नीट होतं, घरी आणल्यापासून बिघडलं." यात जादू नाही. डेस्कटॉप बंद केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळतच राहते. घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल आराम करतो. घरी आपण काटकसर म्हणून भिंतीवरचं बटण बंद करतो आणि सेलला खरं काम लागतं. मेलेला सेलही ऑफिसात वर्षभर लपून राहू शकतो.

हा सेल बहुधा सीआर२०३२ असतो. या नावात सगळी माहिती दडलेली आहे. सी म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड प्रकार, आर म्हणजे गोल, २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ समजा ३ मायक्रोअँपिअर वीज ओढत असेल, तर भागाकार करा: ७३ हजार तास, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात बोर्डागणिक हा आकडा बदलतो, पण नवा सेल सहा महिन्यांत मरत असेल तर सेलला दोष देणं थांबवा. बोर्डावर कुठेतरी वीज गळतेय, किंवा सेटिंग पुसण्यासाठी असलेला जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, चुकीच्या पिनांवर बसलाय.

मल्टीमीटर असेल तर मोजून पाहा, पण आकड्यावर आंधळा विश्वास नको. लिथियम सेलचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग कड्यावरून पडावा तसा पडतो. शिवाय सेल बाहेर काढून मोजला तर त्याच्यावर ओझं नसतं, त्यामुळे तो असतो त्यापेक्षा तरुण दिसतो. ३ च्या वर असेल तर ठीक, २.७ च्या खाली असेल तर बदला. मधल्या आकड्यांवर वाद घालत बसण्यापेक्षा नवा सेल घातलेला परवडतो.

बदलण्यापूर्वी दोन कामं करा. पहिलं, बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिस्क कोणत्या पद्धतीने जोडलेली आहे, कोणत्या डिस्कवरून मशीन सुरू होतं, ही सेटिंग पुसली गेली तर मशीन सुरूच होणार नाही आणि तुम्ही उगीच घाबराल. दुसरं, विंडोजमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोसची सेटिंग बदललेली दिसली की बिटलॉकरला संशय येतो आणि तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती किल्ली त्याच कुलूपबंद मशीनमधल्या फाइलमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

बाकी काम सोपं. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, क्लिप हलकेच बाजूला दाबा. सेल उसळून वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह कुठल्या बाजूला होतं ते लक्षात ठेवा, बहुतेक बोर्डांवर ते वर असतं. एलआयआर२०३२ नावाचा सेल आकाराने हुबेहूब सारखा दिसतो, पण तो चार्ज होणारा प्रकार आहे आणि त्याचा दाबही जास्त असतो. तो इथे घालायचा नाही. लॅपटॉपमध्ये हा सेल अनेकदा वायर लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. काही लॅपटॉपमध्ये तो नसतोच, मुख्य बॅटरीच घड्याळ सांभाळते. त्यामुळे स्क्रू काढण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती पाहा.

आणि काढलेला सेल टेबलावर ठेवून विसरू नका. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. घड्याळाच्या लेखात हे वाक्य अनपेक्षित वाटेल, पण गाळण्यासारखं नाही.

चूक पूर्ण तासांची असेल तर

घड्याळ बरोबर एक तास, किंवा बरोबर साडेपाच तास चुकत असेल, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. बिघडलेलं यंत्र इतकं नेमकं चुकत नाही. एवढी टापटीप फक्त सेटिंगच्या चुकीत असते.

एक तासाचा फरक म्हणजे बहुधा चुकीचा टाइम झोन किंवा उन्हाळी वेळेचा, म्हणजे काही देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात त्याचा, घोळ. त्याहून मजेदार प्रकार एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांकडे घडतो. बोर्डावरच्या घड्याळात फक्त आकडे असतात. ते आकडे कुठल्या प्रमाणवेळेचे, हे तिथे लिहिलेलं नसतं. विंडोज समजतं की ते स्थानिक वेळेचे आहेत. लिनक्स समजतं की ते जागतिक प्रमाणवेळेचे, म्हणजे यूटीसीचे आहेत. दोघंही आपापल्या समजुतीप्रमाणे घड्याळ लावतात आणि निघून जातात. तुमची प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल, तर लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे, आणि उलट गेल्यावर तेवढंच पुढे. एका फळ्यावर दोन शिक्षक, दोघांची भाषा वेगळी.

उपाय एकच: दोघांपैकी एकाला दुसऱ्याची भाषा शिकवा. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत सेटिंगच्या वहीत, 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' नावाची नोंद करून त्याला यूटीसी मानायला लावता येतं, किंवा लिनक्सला एका आज्ञेत स्थानिक वेळ मानायला सांगता येतं. मला पहिला मार्ग बरा वाटतो. बोर्डावरच्या घड्याळात यूटीसी असली की उन्हाळी वेळ सुरू झाली, संपली, तरी त्याला हात लावावा लागत नाही.

रोजचे दोन-चार सेकंद

आता समजा सेल ठीक, सेटिंग ठीक, आणि घड्याळ महिन्याला मिनिटभर मागे पडतं. वाईट बातमी नाही. हा बिघाडच नाही.

बोर्डावरच्या घड्याळाचं हृदय म्हणजे क्वार्ट्झचा, गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक. चिमट्यासारख्या दोन पायांच्या आकारात तो कापलेला असतो. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटंही खरं असतं. वीज दिली की क्वार्ट्झ थरथरतो. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरेल असा घासलेला असतो. आकडा विचित्र वाटतो, पण ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. या संख्येची पंधरा वेळा निम्मी करत जा, शेवटी एक उरतो. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सर्वांत सोपं काम. अशी पंधरा सर्किटं ओळीने जोडली की शेवटच्यातून सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो.

पण कारखान्यातून निघालेला प्रत्येक स्फटिक अगदी ३२,७६८ वर बसत नाही. दहा लाखांत वीस एवढी चूक साधारणपणे चालवून घेतली जाते. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्याला दहा लाखांत वीसने गुणलं की रोजचे १.७ सेकंद, महिन्याचे बावन्न. मनगटावरच्या स्वस्त घड्याळातही हाच स्फटिक असतो, तरी ते कॉम्प्युटरपेक्षा बरं चालतं असं अनेकांना वाटतं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे, कारण मनगटावर तापमान दिवसभर जवळजवळ सारखं राहतं.

तापमानाचा हा भाग मला सर्वांत आवडतो. लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं, कारण दांडा तापून लांबतो. थंडीत ते पुढे धावतं. हा स्फटिक तसा नाही. साधारण २५ अंश सेल्सिअसला तो सर्वांत वेगाने थरथरतो, आणि तिथून वर गेलात तरी मंदावतो, खाली आलात तरी मंदावतो. फरक अंशांच्या वर्गाने वाढतो. कॉम्प्युटरच्या डब्यातलं तापमान ४५ अंश झालं, म्हणजे वीस अंश जास्त, तर दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास उशीर. गरम खोलीत, धूळ बसलेल्या पंख्याच्या डब्यात घड्याळ मागेच का पडतं, पुढे का जात नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

"आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं, म्हणून घड्याळ हळू चालतं" हाही एक आवडता तर्क आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत तो चुकीचा आहे, कारण तो विजेच्या लहरी मोजत नाही. काही ओव्हन आणि रेडिओची घड्याळं मात्र मोजतात. २०१८ च्या सुरुवातीला युरोपच्या विजेच्या जाळ्यात सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या वादातून वीज कमी पडली, वारंवारिता, म्हणजे सेकंदाला लहरींची संख्या, ५० हर्ट्झच्या किंचित खाली, सरासरी ४९.९९६ वर राहिली, आणि मार्चपर्यंत पंचवीस देशांतली अशी घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली होती. त्याच घरांतले कॉम्प्युटर वेळेवर होते.

दिवसा हरवणारे ठोके

आता माझ्या त्या जुन्या मशीनकडे येऊ.

ऑपरेटिंग सिस्टिम मोजते कशी? जुन्या पीसीत एक टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरला टपली मारायचा. या टपलीला इंटरप्ट म्हणतात. टपली बसली की हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवायचं, एक ठोका जमा करायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. डॉसच्या काळात हे ठोके सेकंदाला १८.२ होते. पुढे विंडोजने सेकंदाला ६४ ठोक्यांची पद्धत धरली, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एक.

अडचण ही, की प्रोसेसरला 'आता कोणी टपली मारू नका' असं म्हणण्याची मुभा असते. नाजूक काम चालू असताना इंटरप्ट काही क्षण बंद ठेवतात. ते बंद असताना एक ठोका आला तर तो रांगेत थांबतो. दुसराही आला तर त्याला थांबायला जागा नसते. तो हरवतो, आणि प्रत्येक हरवलेल्या ठोक्यामागे घड्याळ तेवढं मागे पडतं. म्हणूनच असा दोष घड्याळाला मागेच नेतो, पुढे कधीच नाही.

माझ्या मशीनमध्ये डिस्कचा कारभार जुन्या पद्धतीने चालला होता. डिस्कवरचा प्रत्येक शब्द प्रोसेसर स्वतःच्या हाताने उचलत होता, आणि ते करताना इंटरप्ट बंद. मोठ्या फाइल नकलून घेतल्या त्या दिवशी घड्याळ पाच मिनिटं मागे, नुसतं टाइप केलं त्या दिवशी वीस-तीस सेकंद. कामाचा बोजा आणि उशीर यांची ही जोडी मला दिसायला तीन आठवडे लागले. डिस्कला डीएमए पद्धतीवर टाकलं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती थेट मेमरीत जाऊ दिली, आणि दोष त्याच दिवशी संपला.

आजची मशीन एवढी भोळी नाहीत. ती ठोके मोजण्याऐवजी सतत पळणाऱ्या एका वेगवान मोजयंत्राकडे बघतात. दोन टपल्या चुकल्या तरी पुढच्या वेळी मोजयंत्र मधला सगळा काळ सांगतं. तरीही दिवसा मागे पडण्याची काही कारणं उरली आहेत. व्हर्च्युअल मशीन हे पहिलं. कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला बाहेरचा कॉम्प्युटर थांबवतो तेव्हा आपण थांबलो होतो हे त्याला कळतच नाही. त्यासाठी त्या सॉफ्टवेअरसोबत येणारी आतल्या कॉम्प्युटरसाठीची साधनं बसवावी लागतात, ती वेळ जुळवून देतात. दुसरं कारण झोप. लॅपटॉप उघडल्यावर कालची रात्रीची साडेदहाची वेळ दिसत असेल, तर उठल्यावर बोर्डावरच्या घड्याळाकडे बघायचं राहून गेलंय. अशा वेळी बायोसची नवी आवृत्ती घालणं हा पहिला प्रयत्न.

इंटरनेट असताना हे सगळं कशाला?

रास्त प्रश्न. वेळ जुळवणारी व्यवस्था जुनी आणि सुंदर आहे. डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी ती रचली, तिचा पहिला मसुदा १९८५ चा. तिचं नाव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी. तिच्यातली मूळ युक्ती कागदावर करून बघण्यासारखी आहे.

तुम्ही तुमच्या घड्याळाने १०:००:०० ला वेळ सांगणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, पत्र पाठवलं. सर्व्हरच्या घड्याळाने ते १०:०१:०४ ला पोचलं. त्याने १०:०१:०५ ला उत्तर टाकलं. तुमच्या घड्याळाने ते १०:००:०९ ला हातात आलं. जाताना फरक दिसतो ६४ सेकंदांचा, येताना ५६ चा. पहिल्यात प्रवासाचा वेळ मिसळलाय, दुसऱ्यातून तो वजा झालाय. दोन्हींची सरासरी काढली की प्रवास गळून पडतो आणि ६० सेकंद उरतात. तुमचं घड्याळ बरोबर एक मिनिट मागे आहे. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो एवढंच यात गृहीत धरलंय. खऱ्या जगात हा प्रवास काही मिलिसेकंदांचा असतो.

पण ही व्यवस्था आजार बरा करत नाही, झाकते. आणि ती हमखास चालेल असंही नाही. जुन्या विंडोजमध्ये घरच्या मशीनवर वेळ आठवड्यातून एकदाच जुळवली जायची. रोज दहा सेकंद मागे पडणारं घड्याळ तोवर सत्तर सेकंद चुकलेलं असे. एनटीपी नेटवर्कच्या १२३ क्रमांकाच्या दारातून (यूडीपी पोर्ट) बोलते, आणि नेटवर्कची राखण करणारी एखादी फायरवॉल तेवढंच दार बंद करून बसलेली असते. वेळ जुळवणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालत असतील तर त्यांची आपसात ओढाताण होते.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की चूक फार मोठी असेल तर ही व्यवस्था मदत करायचंच नाकारते. घरच्या विंडोजची मूळ मर्यादा पंधरा तासांची. युनिक्सच्या जगातला जुना एनटीपी प्रोग्राम तर १,००० सेकंदांहून, म्हणजे साधारण सतरा मिनिटांहून जास्त फरक दिसला की सरळ काम सोडतो. 'एवढी चूक? मग कदाचित मलाच चुकीची माहिती मिळतेय' असा तो विचार. म्हणजे सेल मेला, तारीख कित्येक वर्षं मागे गेली, आणि ज्या दिवशी इंटरनेटची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी घड्याळ जुळत नाही. त्यातच ब्राउझर प्रत्येक साइट उघडताना धोक्याची पाटी दाखवतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्याच्या मते अजून सुरूच झालेली नसते. लोकांना वाटतं व्हायरस शिरला. यावर उपाय एका मिनिटाचा: तारीख आणि वेळ आधी हाताने अंदाजे बरोबर लावा, मग विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डेट अँड टाइम'खाली 'सिंक नाऊ' दाबा. तेही हटून बसलं तर सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज टाइम' चालू आहे का ते पाहा.

लिनक्स इथे एक चांगली गोष्ट करतं. वेळ नीट जुळलेली असेल तर दर अकरा मिनिटांनी ती बोर्डावरच्या घड्याळातही लिहून ठेवतं. त्यामुळे लिनक्सवर नेट न तोडता दिवसभराने बोर्डावरचं घड्याळ तपासलंत, तर ते उगाचच गुणी ठरतं.

माझ्या जुन्या मशीनचा उलगडा झाला तेव्हा काढून ठेवलेले दोन्ही सेल खणात होते, एक मूळचा आणि एक मी उगाच आणलेला. नवा लगेच वजनकाट्यात गेला. मूळचा मी मल्टीमीटरला लावला. ३.०१ व्होल्ट.